भगर औषधी का बाधणारी? शुगर, उपवास आणि डब्यातलं पीठ

अमळनेरच्या एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा. सासूबाई ६२ वर्षांच्या, शुगर आहे, गुडघे दुखतात, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन ह्या शुगरच्या गोळ्या चालू. त्यांना कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला की रोज सकाळी अनशापोटी चमचाभर भगरीचं कच्चं पीठ कोमट पाण्यात घ्या, शुगर, गुडघे, वजन सगळं जागेवर येतं. पण ह्याच घरात मागच्या नवरात्रात, श्रावणात दळून आणलेल्या भगरीच्या पिठाची थालीपीठं खाऊन तिघांना उलट्या आणि चक्कर झाली होती. तर भगर औषध समजायची का विष, नऊ महिन्यांच्या नातीला चालेल का, आणि डब्यात अजून दोनेक किलो पीठ उरलंय त्याचं काय करायचं.

ताई, सरळ उत्तर आधी देतो मग बाकीचं पाल्हाळ. भगर चांगलं धान्य आहे, हलकं आहे, पथ्याला चालतं, शुगरवाल्याला भाताच्या जागी दिलं तर फायदाच होतो. पण ती चमच्याने घ्यायची दवा नाही, ताटात वाढायचं अन्न आहे. आणि बाधते ती भगर नाही, तिच्यावर साठवणीत वाढलेली बुरशी बाधते. त्यातही अख्ख्या दाण्यापेक्षा दळलेलं पीठ जास्त धोक्याचं, आणि तुमचा व्हिडिओवाला नेमकं तेच पीठ आणि तेही कच्चं घ्यायला सांगतोय. त्यामुळे ते बंद, आजपासूनच.

आता जरा मुळापासून बघू. मी शहादा-तळोदा भागात बरीच वर्षं वैद्यकी करतोय, त्यामुळे हे पीक वर सातपुड्यात उभं असलेलं बघायला मिळतं. धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळकडच्या उतारावर, जिथे मुरमाड हलकी जमीन आहे आणि पाणी थांबत नाही तिथे पहिल्या पावसावर हे बारीक धान्य टाकतात, ८० ते १०० दिवसांत काढणीला येतं, खत नाही फवारा नाही. बाजारात आपण जिला भगर म्हणतो, कुणी वरई म्हणतं, गुजरात हद्दीला मोरैयो म्हणतात, ती एकाच गवताची नसते, कधी कुटकीची असते कधी साव्याची, साल काढल्यावर दोन्ही पांढरी बारीक दिसतात आणि औषधी हिशेबाने फार फरक पडत नाही म्हणून त्यात मी शिरत नाही. महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे, ह्या दाण्यावर टणक साल असते. सालीसकट वाळवून कणगीत ठेवलं तर हे धान्य वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून तर डोंगरातली माणसं दुष्काळासाठी हे राखून ठेवायची आणि लागेल तेवढंच उखळात कांडायची. सकाळी कांडलं की दुपारी शिजलं. त्या पद्धतीत भगर बाधायचं कारणच फारसं उरत नाही.

आपण काय करतो? साल काढलेली, पॉलिश केलेली भगर घेतो. ती गिरणीतून निघाली, गोणीत बसली, ठोक व्यापाऱ्याकडे राहिली, मग किराणा दुकानात उघड्या पोत्यात, मग आपल्या डब्यात. साल गेली म्हणजे कवच गेलं. आणि नवरात्र येतं कधी तर पावसाळा संपता संपता. म्हणजे जो माल तेव्हा विकायला असतो तो बहुतेक वेळा मागच्या हंगामाचा, चार महिने दमट हवेत बसलेला, आणि ह्या वर्षीचं पीक तर अजून शेतात नाहीतर खळ्यावर असतं. श्रावणातल्या उपवासांचंही तेच. त्यामुळे दर नवरात्राला पेपरात भगर बाधल्याच्या बातम्या येतात त्याचं मला बिलकुल नवल वाटत नाही.

ह्याच्यात एक आयुर्वेदाचा घोळ पण आहे. आपल्याकडे म्हणतात ना, जुनं धान्य पथ्याचं. बरोबर आहे, नवं धान्य पचायला जड आणि कफ वाढवणारं, वर्षभर ठेवलेलं हलकं, असं ग्रंथातच आहे. त्यामुळे काही घरी मुद्दाम जुनी भगर काढून आजाऱ्याला देतात. पण ते जुनं धान्य म्हणजे सालीसकट, कोरड्या जागी राखलेलं. प्लास्टिकच्या पिशवीत दोन पावसाळे काढलेली सोललेली भगर हे पुराण धान्य नाही, ती नुसती शिळी आहे. हा फरक मी पेशंटला नेहमी सांगतो कारण आजाऱ्यालाच बाधली तर जास्त महागात पडतं.

आता औषधी गुणाचं. चरकसंहितेत श्यामाक म्हणजे साव्याच्या वर्गातलं धान्य कषाय-मधुर, हलकं, थंड, कफ आणि पित्त कमी करणारं, पातळ शौचाला बांधणारं आणि शरीरातला ओलावा शोषणारं सांगितलंय, आणि त्याच ठिकाणी वात वाढवणारं पण सांगितलंय. हा शेवटचा शब्द व्हिडिओवाले कधी वाचत नाहीत. लठ्ठपणाच्या पथ्यात सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात जव, मूग, कोद्रव ह्यांच्याबरोबर श्यामाक येतो. म्हणजे अंगात चरबी जास्त, जड वाटतं, जेवल्यावर सुस्ती, पोट सारखं सैल, अशा माणसाला भगर छान. आणि ज्याचं अंग आधीच कोरडं, शौचाला कडक, पोटात वायू धरतो, सांधे कटकट वाजतात, झोप कमी, त्याने रोज भगर खाल्ली तर कुरकुर वाढणारच. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणताय, मग रोज अनशापोटी कोरडं रूक्ष पीठ हा उपाय तर उलटा पडायचा. त्यांनी खायचीच तर तूप घालून, गरम, सोबत पातळ कढी किंवा मुगाचं वरण, म्हणजे कोरडेपणा मारला जातो. उपवास नसेल त्या दिवशी खायला कुणी अडवलं नाहीये, आपल्याकडे भगर फक्त एकादशीलाच आठवते.

आजच्या विज्ञानाचं म्हणाल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते बघा. १०० ग्रॅम कुटकीत साधारण १० ग्रॅम प्रोटीन आणि साडेसात ग्रॅमच्या वर फायबर, पांढऱ्या तांदळात प्रोटीन ८ च्या आसपास आणि फायबर तीनच्याही आत. हे चांगलंच आहे. पण लोह? जुन्या तक्त्यात ९ मिलिग्रॅमच्या वर छापलेलं असायचं आणि अजून लोक तेच आकडे फिरवतात, नव्या तक्त्यात ते सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास आहे, कॅल्शियम तर १६ मिलिग्रॅम फक्त. त्यामुळे भगर खाऊन रक्त वाढतं, हाडं मजबूत होतात वगैरे जे फिरतं ते डोक्यातून काढा. कॅल्शियमला नाचणी, लोहाला मेथी-शेपूची भाजी, हरभरे, आळीव, आणि डॉक्टरने दिलेली गोळी. हे आकडे पण न पॉलिश केलेल्या धान्याचे धरा, बाजारातली झक पांढरी भगर म्हणजे कोंडा बराचसा गेलेला, म्हणजे फायबर अजून कमी. तांबूस-करडी, कमी घासलेली भगर मिळाली तर ती घ्या, फक्त ती लवकर खवट होते कारण कोंड्यात तेल असतं, आणि आपल्या जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात ४४-४५ अंशात तर महिन्यात वास मारायला लागते.

शुगरवर परिणाम होतो का, तर होतो. २०२१ साली हैदराबादच्या इक्रिसॅट ह्या कोरडवाहू पिकांवरच्या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने ११ देशांतले अभ्यास एकत्र करून बघितले होते, त्यात सगळ्या भरडधान्यांचा सरासरी ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर साखर किती पटकन चढते त्याचा आकडा, ५२.७ निघाला, पांढऱ्या तांदळापेक्षा बराच कमी, आणि मधुमेहींनी नियमित खाल्लं तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर १२ ते १५ टक्के उतरलेली दिसली. वाईट नाही. पण नीट वाचा, हे भात किंवा मैद्याच्या *जागी* भरडधान्य खाल्लं त्याचं आहे, जेवण तेच ठेवून वर चमचाभर पीठ घेतल्याचं नाही. चमचाभर पीठ म्हणजे बहुतेक स्टार्चच, त्याने साखर उतरत नाही, थोडी वाढतेच. आणि ह्यात ज्वारी, बाजरी, नाचणी सगळ्यांचा हिशेब एकत्र आहे. म्हणून मी आपल्या भागातल्या शुगरवाल्यांना आधी एकच सांगतो, घरात दादरची म्हणजे रब्बी ज्वारीची भाकरी असेल तर ती सोडून भगरीच्या मागे लागू नका. दादर, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, सोबत पालेभाजी, हे खान्देशी माणसाचं जेवण शुगरला मुळातच बरं आहे, बिघडलंय ते भात, पाव, चहातली साखर आणि लग्नसराईतल्या पंगतींनी. भगर वापरायची ती भाताच्या जागी.

किती खायची? कोरडी भगर ४०-५० ग्रॅम एका माणसाला एका जेवणात पुरते, म्हणजे लहान वाटी. शिजल्यावर फुगून चांगली मोठी वाटीभर होते. आठवड्यात तीन-चार वेळा भाताऐवजी. पहिल्या वेळी खाऊन दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघा, मग कळेल तुमच्या सासूबाईंच्या अंगाला किती मानवते, कारण आकडे माणसागणिक बदलतात. अगदी मऊ गिजगा करून खाल्ली तर साखर पटकन चढते, मोकळी शिजवा. आणि उपवासाचं ताट म्हणजे भगर, शेंगदाण्याची दाटसर आमटी, बटाट्याची भाजी, वर साबुदाण्याचा वडा, त्यात भगरीने काय वाचवायचं? त्या ताटावर शुगर वाढली की दोष भगरीला आणि कमी झाली की श्रेयही भगरीला, असं चालतं.

जुलाबात मात्र भगरीचा उपयोग मी स्वतः करतो. वाटीभर भगर नीट धुऊन हलकी भाजायची, दहा वाट्या पाण्यात मऊ शिजवून पेज करायची, चवीला सैंधव, जिरेपूड, आणि कोमट झाल्यावर ताजं ताक. तापातून उठलेल्या माणसाला ताक वगळून तीच पेज तुपाचा थेंब टाकून. पोट बांधतं, अंगाला ताकद वाटते, जड होत नाही. एवढंच. जुलाबात रक्त पडत असेल, ताप असेल, लघवी कमी झाली असेल तर पेज पाजत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. अ‍ॅसिडिटीवाल्यांना नुसती भगर आणि दूध किंवा ताक सोसतं, भगर आणि शेंगदाण्याची तिखट आमटी सोसत नाही, आणि जळजळ झाली की येऊन सांगतात, "डॉक्टर, भगर बाधली."

आता बाधण्याचा खरा विषय, ह्याच्यावर जरा वेळ घालवतो कारण तुमच्या घरात झालेलंच आहे. भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि तिच्यातून फ्युमिगाक्लेव्हिनसारखी विषं तयार होतात, महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन उपवासाच्या हंगामात ह्याबद्दल सूचना काढत असतं. ही विषं मेंदू आणि नसांवर काम करतात, म्हणून साध्या फूड पॉयझनिंगपेक्षा चित्र वेगळं दिसतं. खाल्ल्यानंतर काही तासात मळमळ, उलटी, जुलाब हे तर असतंच पण सोबत भयंकर चक्कर, हातपाय थरथरणे, उभं राहता न येणे. आमच्याकडे नवरात्रात रात्री येतात ते दारातूनच म्हणतात, "डॉक्टर, डोकं गरगर फिरी ऱ्हायनं", तेव्हाच विचारायचं की फराळाला काय होतं. सलाइन, उलटीचं इंजेक्शन, देखरेख, बहुतेक लोक दिवसा-दोन दिवसांत बरे होतात. ह्याला वेगळा उतारा नाही.

ही विषं शिजवून जात नाहीत. हे मोठ्या अक्षरात वाचा. बुरशी मरते, विष राहतं. तीन पाण्यानं धुतली तर वरची धूळ, बुरशीची भुकटी बरीच निघून जाते पण दाण्यात मुरलेलं निघत नाही. आणि पिठाचं तर धुणंही नाही. दाणा फुटला की त्याचं पृष्ठ वाढतं, हवेतला ओलावा पटापट ओढून घेतो, बुरशीला सगळीकडून दार उघडं. वर दळायच्या आधी दाणे निवडले होते का, काळपट-हिरवट किती होते, हे पिठात दिसतच नाही. तुम्ही लिहिलंय पीठ श्रावणात दळून आणलेलं आणि थालीपीठं नवरात्रात केली, तर उत्तर तिथेच आहे. उपवासाला पीठ लागतंच असेल तर त्या दिवशी लागेल तेवढी भगर निवडून, धुऊन, कपड्यावर सुकवून घरच्या मिक्सरला काढायची.

कोदऱ्याचं, म्हणजे वर आलेल्या कोद्रव धान्याचं, उदाहरण बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशात बांधवगडला १० हत्ती मेले, त्यांनी शेतातला कोदरा खाल्ला होता आणि तपासणीत सायक्लोपियाझोनिक अ‍ॅसिड सापडलं, तेही बुरशीचंच विष. कोदरा आणि भगर वेगळी धान्यं, विषही वेगळं, पण गोष्ट तीच, भिजलेल्या पिकावर बुरशी. आणि माणसांचं म्हणाल तर फेब्रुवारी २०२४ ला आपल्या शेजारच्याच बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यात सोमठाण्याला सप्ताहात एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो लोकांना त्रास झाला, दोरीला बाटल्या बांधून उघड्यावर सलाइन लावावं लागलं होतं, फोटो सगळ्यांनी बघितले.

पण सामुदायिक प्रसादात दर वेळी बुरशीच असते असंही नाही हं. मोठ्या पातेल्यात दुपारी शिजवलेली भगर रात्री नऊ-दहाला वाढली तर त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू वाढतो, शिळ्या भातात वाढतो तोच, त्याचंही विष परत गरम करून जात नाही. धुळे-जळगावकडून सप्तशृंगीच्या गडाला पायी जाणारे जत्थे निघतात, रस्त्याने मंडळं फराळ वाटतात, भक्तीने करतात त्यांना नाव ठेवत नाही, पण त्यांना सांगा की भगरीपेक्षा केळी, राजगिऱ्याचे लाडू, उकडलेली रताळी वाटा, आणि भगर करायचीच तर तासा-दोन तासात संपेल एवढाच घाणा लावा. पुढचं परत ताजं.

शुगरवाल्यांसाठी इथे एक मोठा फसवा प्रकार आहे आणि तो तुमच्या सासूबाईंना अगदी लागू आहे. ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि उपवासात दिवसभर नीट खाल्लंच नाही तर शुगर उतरते. मग घाम, थरथर, चक्कर, घाबरं होणं. आणि भगर बाधली तरी थरथर, चक्कर, घाबरं होणं. घरच्यांना वाटतं भगर बाधली, ते लिंबूपाणी बिनसाखरेचं देत बसतात आणि इकडे शुगर ५० पर्यंत खाली गेलेली असते. म्हणून शुगरचा पेशंट उपवासात डगमगायला लागला की पहिलं काम ग्लुकोमीटर. ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. मशीन नसेल आणि माणूस शुद्धीत असेल तरी साखर द्या, थोडी जास्त झाली तर तेवढं नुकसान नाही. शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन. एकाच ताटातलं खाल्लेल्या चार जणांना एकदम होत असेल तर भगरीचा संशय धरा. आणि उलट्या-जुलाब जोरात असतील तर त्या दिवशी मेटफॉर्मिन घ्यायचं का, ते डॉक्टरांना फोन करून विचारा, पाणी कमी झालेल्या अंगात ती गोळी किडनीच्या पेशंटला त्रास देऊ शकते. उपवास धरायचाच असेल तर गोळीचं वेळापत्रक आधीच बदलून घ्यावं लागतं, आदल्या आठवड्यात जाऊन या.

बाधल्यावर घरी काय करायचं? पाणी, ओआरएस घोट घोट. उलटी काढायला मिठाचं पाणी पाजू नका, तूप पाजू नका, झोपू द्यायचं असेल तर कुशीवर. थरथर वाढली, बोलणं अडखळायला लागलं, लहान मूल किंवा म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर वाट बघायची नाही. आणि खाल्लेल्या भगरीची पिशवी, बिल, उरलेला दाणा फेकायचा नाही, बाजूला ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा, टोल फ्री नंबर १८०० २२२ ३६५. लोक कळवत नाहीत, दुकानदार ओळखीचा असतो म्हणून, आणि तोच माल पुढच्या गावात जातो.

खरेदीचं एका दमात सांगतो. सुटी, उघड्या पोत्यातली भगर घेऊ नका, पाकिटावर परवाना नंबर आणि पॅकिंगची तारीख बघा, महिनाभरात संपेल एवढीच घ्या, सणाच्या आदल्या दिवशीच्या गर्दीत मिळेल ती उचलू नका. घरी परातीत पसरून बघा, गुठळ्या, जाळं, काळे-हिरवे दाणे, कुबट वास, जिभेवर कडवट चव, ह्यातलं काहीही असलं तर निवडत बसू नका, सगळीच परत करा. दिसायला स्वच्छ असली म्हणजे शंभर टक्के सुरक्षित असंही नाही पण बराचसा धोका इथेच टळतो. कडक उन्हात चार-पाच तास वाळवून, थंड झाल्यावर, कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात. गरम गरम भरली तर आत वाफ धरते. ओला चमचा डब्यात जाऊ देऊ नका.

आणि किडीसाठी म्हणून बोरिक पावडर चोळलेली भगर कुणी देत असेल तर घेऊ नका. सेल्फॉसच्या गोळ्या तर घरात धान्यात ठेवायच्याच नाहीत, बंद खोलीत तो गॅस झोपेत माणसं मारतो, हे आपल्या भागात घरोघरी धान्य भरताना होतं म्हणून मुद्दाम लिहितोय. भगरीला कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरे.

बाकी काही शंका नेहमी येतात. मुतखडा, तर त्याला भगरीपेक्षा उपवासात पाणी कमी पिणं आणि शेंगदाणे, राजगिरा, बटाटा ह्यांचा मारा जास्त जबाबदार, खडा बनवणारं ऑक्झलेट तिथे आहे. थायरॉइडच्या बाबतीत लोक भरडधान्याला घाबरतात, ते संशोधन मुख्यतः बाजरीवरचं आणि आयोडीन कमी असलेल्या, रोज तेच खाणाऱ्या लोकांमधलं आहे, आठवड्यात दोन-तीनदा भगर खाऊन काही होत नाही, फक्त सकाळची थायरॉइडची गोळी अनशापोटी पाण्याबरोबर घेऊन अर्धा-पाऊण तास तरी थांबून मग खा. ज्यांना सीलिअ‍ॅक म्हणजे गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याचा आजार आहे त्यांना भगर मुळात चालते, ग्लूटेन नाही, पण गल्लीतल्या गिरणीत गव्हानंतर दळलं तर सगळं मुसळ केरात, त्यांनीही मिक्सरलाच काढायचं. गरोदर बायकांनी नऊ दिवस भगर-शेंगदाण्यावर राहू नये, देवीला चालतं न खाता केलेलं तर खाऊन केलेलंही चालतं, हे माझं मत, घरच्या मोठ्यांना राग आला तर येऊ द्या.

नातीचं. नऊ महिन्यांच्या बाळाला भगर चालते पण नुसती पातळ पेज पाजली तर पोट भरतं आणि पोषण काहीच जात नाही. दोन भाग भगर, एक भाग मुगाची डाळ, नीट धुऊन, तासभर भिजवून ते पाणी टाकून द्यायचं, कुकरला मऊ करून वर साजूक तूप. भिजवल्याने लोह शोषायला आड येणारं फायटेट पण कमी होतं. ताजं करायचं, सकाळचं संध्याकाळी नाही. डब्यातल्या तयार पिठाची खीर बाळाला अजिबात नको, एवढ्याशा वजनाला थोडंसं विषही जास्त होतं. मीठ, साखर, मध बाळ निदान वर्षाचं होईपर्यंत टाळा. आणि रोज भगरच असं करू नका, एक दिवस नाचणी, एक दिवस ज्वारी.

राहिलं डब्यातलं पीठ. ते फेकायचं. ऊन दाखवून, भाजून, तळून, चाळून काही उपयोग नाही, ज्यातलं खाऊन तिघं पडले तेच पीठ आहे ते. दोन किलो पीठ टाकताना जीव जातो माहितीये मला, पण म्हशीला आंबोणात घालू नका, कोंबड्यांनाही नाही, त्यांनाही ते बाधतं. नमुना म्हणून मूठभर वेगळं पाकिटात ठेवायचं तर ठेवा, बाकी खड्डा करून पुरून टाका. डबा साबणाने धुऊन दोन दिवस उन्हात पालथा. सासूबाईंचं चमच्याचं पीठ बंद, गोळ्या आहेत तशा चालू, भाताऐवजी भगर आठवड्यात तीनदा करून बघा आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, करा. तो रिपोर्ट घेऊन गोळीचा डोस डॉक्टर ठरवतील, व्हिडिओवाला नाही.